द. सा. द. शे. म्हणजे काय?



आता तुम्हांला अक्षरे वाचता येतात. बेरीज-वजाबाकी येते. पाढेही बऱ्याच जणांचे पाठ झाले. तेव्हा आज आम्ही एका लहानशा शब्दाविषयी बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे शेकडा. कोणी त्याला टक्का म्हणतात. दोन्ही एकच. दोन लहान शून्ये आणि मध्ये तिरपी रेघ, अशी त्याची खूण असते. बियाण्याच्या पिशवीवर ती दिसेल, बँकेच्या कागदावर दिसेल, पोरांच्या गुणपत्रकावरही दिसेल.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुलांना शेकडेवारी शिकवली. मुलांना ती जड जाते. त्याचे कारण असे की मुलांच्या खिशात पैसा नसतो. घेणे नाही, देणे नाही, मग हिशोबाची गोडी कुठून येणार? तुमचे तसे नाही. तुम्ही रोज देवाणघेवाण करता. म्हणून तुम्हांला हे लवकर समजेल, असा आमचा भरवसा आहे.

शेकडा म्हणजे शंभर. शेकडा ५ म्हणजे शंभरात पाच. बस, एवढेच आहे.

आता एक रुपया डोळ्यांपुढे आणा. रुपयात पैसे किती? शंभर. म्हणजे एक टक्का म्हणजे रुपयात एक पैसा. शेकडा ५ म्हणजे रुपयामागे ५ पैसे. शेकडा २५ म्हणजे रुपयामागे २५ पैसे, आपले चार आणे. शेकडा ५० म्हणजे आठ आणे, निम्मे. ही गाठ पदराला बांधून ठेवा, मग टक्क्याची भीती वाटणार नाही.

पूर्वी हे इतके सोपे नव्हते. रुपयाचे १६ आणे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि हिशोब सरळ झाला. पण आणे गेले तरी बोलण्यातून गेले नाहीत. यंदा सोळा आणे पीक आहे, असे आपण अजून म्हणतो. सोळा आणे म्हणजे पुरा रुपया, काही कमी नाही. त्यावरूनच सरकारी दफ्तरात आणेवारी हा शब्द आला. पुढे आणे गेले, तेव्हा तिची पैसेवारी झाली.

पैसेवारी म्हणजे दुसरे काय? पिकाची शेकडेवारीच. समजा, आपल्या भागात सोयाबीनचे ठरलेले उत्पन्न एकरी ८ क्विंटल धरले आहे. ८ क्विंटल म्हणजे पुरे १०० पैसे. यंदा ४ क्विंटल आले, तर पैसेवारी ५०. तीनच क्विंटल आले तर? ३ ला १०० ने गुणा. झाले ३००. त्याला ८ ने भागा. आले साडेसदतीस. म्हणजे साडेसदतीस पैसे.

अमरावती, अकोला आणि आपल्या विभागातले बाकीचे जिल्हे यांची शेवटची पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. ५० पैशांच्या खाली आली तर गावाला सवलती मिळतात. दुष्काळ ठरवताना आता पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती असेही पाहतात. पण पैसेवारी अजून निघते आणि गावात तिच्यावरून भांडणेही होतात. कोणी म्हणतो, माझ्या वावरात तर दोन पैशांचेही पीक नाही, मग गावाची पैसेवारी ५३ कशी? त्याचे दुःख खरे आहे. पण पैसेवारी एकट्याच्या वावराची नसते, गावाची असते. आणि ती आपण मनात धरलेल्या पिकावर नसते, ठरवलेल्या उत्पन्नावर असते. म्हणून टक्का ऐकला की आपल्या वऱ्हाडी बोलीत आधी विचारायचे, “कायचा टक्का?” हा सवाल आज आम्ही तुम्हांला पुन्हा पुन्हा विचारायला लावणार आहोत.

रुपयाचे झाले. आता क्विंटल घ्या. क्विंटलमध्ये किलो किती? शंभर. म्हणजे इथेही हिशोब आयता. एक टक्का म्हणजे क्विंटलमागे एक किलो.

आपला कापूस जिनात जातो तेव्हा एका क्विंटलमधून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी, आणि किलो-दोन किलो घट. रुईचा उतारा ३४ टक्के म्हणतात, तो हाच. आपण ज्याला कापसाचे पोते म्हणतो, त्यात दोन हिस्से सरकी आहे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रुईचा भाव ऐकून आपल्या कापसाच्या भावाशी त्याची तुलना करणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

कापसाच्या बाजाराची आपल्या भागात जुनी परंपरा आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियमाने चालणारा बाजार सुरू झाला. देशातला तसा तो पहिला मानतात. वजन आणि कपात यांवर कोणाची तरी नजर असावी, ही गरज तेव्हाही होती. आजही आहे. पण सगळ्यांत चांगली नजर शेतकऱ्याची स्वतःची.

कापसाच्या ओलाव्याचाच हिशोब पाहू. सरकारी खरेदी कापूस महामंडळ करते, त्याला सीसीआय म्हणतात. त्यांचा नियम असा. कापसात ८ टक्के ओलावा असेल तर पुरा हमीभाव. त्यावर जितके टक्के ओलावा जास्त, तितके टक्के भाव कमी. १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर कापूस घेत नाहीत.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. समजा, तुमच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला. आठाच्या वर तीन. म्हणजे भावात शेकडा ३ ची कपात. आता हिशोब करा. ८,११० रुपयांत शेकडे किती? ८१, आणि वर १० रुपये. प्रत्येक शेकड्याला ३ रुपये, म्हणजे ८१ गुणिले ३, झाले २४३ रुपये. वरच्या १० रुपयांना रुपयामागे ३ पैसे, झाले ३० पैसे. एकूण कपात २४३ रुपये ३० पैसे. भाव मिळाला ७,८६६ रुपये ७० पैसे. दहा क्विंटल कापूस असेल तर २,४३३ रुपये कमी मिळाले.

ही कपात ऐकून राग येतो. पण विचार करा. ११ टक्के ओलावा म्हणजे क्विंटलमध्ये ११ किलो पाणी. ठरलेल्या ८ किलोपेक्षा ३ किलो पाणी जास्त. आपण पाणी कापसाच्या भावात विकायला नेले, ते त्यांनी घेतले नाही. यात लबाडी नाही.

लबाडी दुसरीकडे असते. कोणी हाताने कापूस दाबून पाहतो आणि म्हणतो, “ओला आहे, पाच टक्के कापतो.” हाताला टक्के कळत नाहीत. ओलावा मोजायचे यंत्र असते, त्याचा आकडा दाखवायला सांगा. दुसरा प्रकार याहून वाईट. ओलाव्यासाठी भाव कापायचा आणि त्याच ओलाव्यासाठी वजनातही क्विंटलमागे दोन किलो कडता धरायचा. एका दुखण्याला दोनदा पैसे! दहा क्विंटलवर दोन टक्के म्हणजे २० किलो. वरच्याच भावाने त्याचे दीड हजाराहून जास्त होतात. तेव्हा पट्टी हातात आली की कपात कुठे कुठे केली आहे ते तिथेच उभे राहून वाचा. वाचता येते ना आता? मग लाजू नका. मागे रांग असली तरी असू द्या.

शंभराचा हिशोब घरातही करून पाहता येतो. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवले असेल तर पेरणीआधी १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट झाका आणि ते ओलसर ठेवा. काही दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७४ निघाले तर उगवण ७४ टक्के. गुणाकार नको, भागाकार नको. सोयाबीनला ७० टक्के उगवण पुरे मानतात. त्याहून कमी निघाली तर एक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवा, असे शेतीखाते सांगते. २०२० साली आपल्या भागात सोयाबीन उगवले नाही म्हणून किती ओरड झाली, ते तुम्हांला आठवत असेल. हे काम घरच्या बाया फार नीट करतात, दाणा हाताने निवडायची त्यांना सवय असते.

आता एक गंमत. कापसाचा भाव १०,००० रुपये होता. तो शेकडा २० नी पडला. पुढच्या महिन्यात शेकडा २० नी चढला. मग भाव परत १०,००० झाला का? सगळे म्हणतील, हो. नाही झाला. पडला तेव्हा १०,००० चे २० टक्के गेले, म्हणजे २,०००. राहिले ८,०००. चढला तेव्हा ८,००० चे २० टक्के आले, म्हणजे १,६००. भाव झाला ९,६००. टक्का तोच, पण कायचा टक्का, ते बदलले. भाव इतके टक्के वाढला अशी बातमी ऐकून हुरळून जाण्याआधी कोणत्या भावावर वाढला ते पाहा.

इथपर्यंत जे सांगितले त्यात चुकले तर शे-पाचशे, हजार-दोन हजारांचे नुकसान. आता जे सांगणार आहोत त्यात वावर जाते. म्हणून जरा सरसावून बसा.

कर्जाच्या कागदावर चार अक्षरे असतात. द. सा. द. शे. आमच्या वेळच्या अंकगणिताच्या पुस्तकात ती पानोपानी असत. पुष्कळ मुले ती मंत्रासारखी म्हणत, अर्थ कोणी विचारत नसे. अर्थ असा आहे. दर साल, दर शेकडा. दर साल म्हणजे प्रत्येक वर्षाला. दर शेकडा म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांना. द. सा. द. शे. ७ म्हणजे शंभर रुपये एक वर्ष वापरले तर ७ रुपये व्याज.

पाहा, या चार अक्षरांत दोन सवालांची उत्तरे आहेत. कायचा टक्का? शंभर रुपयांचा. आणि कितीक दिवसांचा? वर्षाचा. फसवणूक होते ती या दुसऱ्या सवालात.

समजा, तुम्हांला ४०,००० रुपये पाहिजेत. बँकेतला बाबू म्हणतो, सात टक्के. गावातला कर्ज देणारा म्हणतो, “तीन टक्के लावतो बाप्पा. तुह्यापासून जास्त काहून घेऊ?” ऐकणारा मनात म्हणतो, सातापेक्षा तीन बरे. शिवाय कागद नको, फेऱ्या नकोत, पैसे आज रात्रीच हातात.

आता पाटी घ्या. ४०,००० मध्ये शेकडे ४००. शेवटची दोन शून्ये झाकली की शेकडे कळतात. बँकेचे व्याज ४०० गुणिले ७, म्हणजे वर्षाचे २,८०० रुपये. गावातल्या माणसाचे ४०० गुणिले ३, म्हणजे १,२०० रुपये. पण कितीक दिवसांचे? महिन्याचे! वर्षाचे बारा महिने. १,२०० गुणिले १२, झाले १४,४००. त्याचे तीन टक्के म्हणजे द. सा. द. शे. ३६. तो खोटे बोलला नाही. त्याने फक्त ‘महिना’ हा शब्द तोंडातल्या तोंडात ठेवला.

दोघांच्या व्याजात फरक ११,६०० रुपयांचा. २०२५ साली बीटी कापसाच्या बियाण्याची पिशवी ९०१ रुपयांना होती. फरकाच्या रकमेत बारा पिशव्या येऊन वर पैसे उरतात. एवढे देऊनही मुद्दल ४०,००० तसेच उभे.

महिना तीन टक्क्यांनी पावणेतीन वर्षांत व्याज मुद्दलाएवढे होते. आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज धरले, म्हणजे चक्रवाढ लावली, तर दोन वर्षे भरायच्या आतच रक्कम दुप्पट होते. ४०,००० चे ८०,०००. मग हा माणूस वावराचे खरेदीखत मागतो.

धान्यातही असेच असते. पेरणीला एक पोते ज्वारी घ्यायची आणि पीक निघाल्यावर सव्वा पोते द्यायचे, ही सवाई. दीड पोते द्यायचे, ही दिडी. पावच पोते जास्त द्यायचे, असे म्हणून ते लहान वाटते. पाव म्हणजे शेकडा २५, तेही सहा महिन्यांना. वर्षाचे धरले तर द. सा. द. शे. ५०. दिडीचे द. सा. द. शे. १००. आपल्या वाडवडिलांच्या कितीतरी पिढ्या या पाव आणि अर्ध्या पोत्याखाली दबून गेल्या. ते अडाणी होते म्हणून नव्हे. त्यांना दुसरीकडे कोणी उभे करत नव्हते.

वऱ्हाडातल्या कर्जाचा प्रश्न फार जुना आहे. १९३३ साली मध्यप्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या काळी प्रांताचे मंत्री होते आणि त्यांनी त्यासाठी खटपट केली. पुढे ते देशाचे शेतीमंत्री झाले. आज व्याज सवलतीची जी सरकारी योजना आहे तिला त्यांचेच नाव दिले आहे. पीककर्जाचा बँकेचा दर ७ टक्के. मुदतीत फेडले तर केंद्र सरकार त्यातले ३ टक्के सोसते, राहतात ४. आणि २०२१ पासून राज्याच्या या योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज शून्य पडते. ‘मुदतीत’ या शब्दाखाली रेघ मारा. तारीख चुकली की सवलत गेली. कर्ज घेताना फेडीची तारीख कागदावर लिहून घ्या आणि घरात भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा.

सावकाराकडे जाऊच नका, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर माणूस कुठेही हात पसरतो. पण कायदा काय म्हणतो ते ठाऊक असू द्या. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. सावकाराजवळ परवाना पाहिजे. शेतकऱ्याला कर्ज देताना तारण घेतले असेल तर द. सा. द. शे. ९ आणि तारण नसेल तर १२, याहून जास्त व्याज नाही, असे त्या वर्षी ठरले. बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. याला आपल्याकडे दामदुप्पट म्हणतात. महिना तीन टक्के घेणारा माणूस कायद्याच्या कितीतरी बाहेर आहे, हे आता तुम्हीच सांगू शकता. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूदही या कायद्यात आहे. तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे आणि जिल्ह्याला उपनिबंधकाकडे अर्ज देता येतो. अर्ज आता तुमच्या हाताने लिहा.

बचत गटातल्या बाया विचारतील, गुरुजी, आमच्या गटात तर शेकडा दोन महिना घेतात, म्हणजे द. सा. द. शे. २४ झाले की! झाले खरे. पण ते व्याज गटातच राहते आणि तुमच्याच वाट्याला परत येते. कायचा, कितीक दिवसांचा, याच्या जोडीला कोणाच्या घरात जाणार, हेही विचारायला हरकत नाही.

गावात आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपन्या येतात, त्यांचे मात्र नीट पाहा. समजा, २०,००० रुपये, वर्षाला १२ टक्के. व्याज २,४००. एकूण २२,४००. पन्नास आठवडे ४४८ रुपयांचा हप्ता. आकडा बरोबर आहे. पण सहा महिन्यांत तुम्ही निम्मे पैसे परत केलेले असतात आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या २०,००० वर धरलेले असते. खरा दर जवळजवळ दुप्पट पडतो. त्यातून सुरुवातीलाच शेकडा २ खर्च कापला तर हातात १९,६०० येतात आणि व्याज २०,००० चे. म्हणून विचारा, उरलेल्या मुद्दलावर व्याज आहे की सुरुवातीच्या मुद्दलावर? हा सवाल ऐकला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

आता घरी करायचा एक हिशोब देतो. एका बाईने जूनच्या शेवटी कृषी केंद्रातून ६,००० रुपयांचे बियाणे आणि खत उधार नेले. दुकानदार म्हणाला, “ऑक्टोबरच्या शेवटी ७,२०० आणून द्या.” व्याज हा शब्द त्याने काढलाच नाही. तर जास्तीचे रुपये किती? ६,००० मध्ये शेकडे किती? प्रत्येक शेकड्याला किती जास्त पडले? आणि महिने चार आहेत, हे ध्यानात धरून द. सा. द. शे. किती झाले? पाटीवर मांडून आणा. नुसते उत्तर नको, रीत पाहिजे. पुढच्या वर्गात मागच्या रांगेपासून विचारू.